श्वासफाटक

फाटकाशी पोचायच्या आधी आपलं एक मेलेलं माणूस आठवायचं, असा करंजबेटावर नियम होता. फौजेचा नव्हे, लोकांचा. रांग पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी आली की बोलणं आपोआप थांबे. कुणी बापाला आठवे, कुणी बुडालेल्या भावाला. ज्यांच्या घरात सुदैवाने कुणी गेलेलं नसे, ते शेजाऱ्यांकडून उसनं घेत. पागधऱ्यांच्या म्हाताऱ्याला फार मागणी होती. माणूस इतका गोड की, जाऊन सहा वर्षं झाली तरी निम्म्या आळीला पुरत होता.

त्याची बायको कुसुम मात्र त्याला कधी आठवत नसे. तिच्याकडे स्वतःची जुई होती.

खाडीच्या दोन्ही तीरांवर फौज येऊन सोळा वर्षं झाली होती. ती 'तात्पुरती' आली होती आणि तसं दर वर्षी नव्याने जाहीर करत होती. पहिली काही वर्षं पुलावर एक हिरवा पडदा असे. बायकांना त्याच्यामागे नेऊन झडती घेत. त्या झडतीबद्दल करंजबेटावरच्या बायका आजही बोलत नाहीत, फक्त हिरवं लुगडं कुणी घेत नाही. मग बाहेरच्या देशांतून ओरड झाली, मानवी हक्कांच्या सनदेतली कलमं दाखवली गेली आणि पडदा जाऊन श्वासफाटक आलं. माणसाच्या अंगाला हात न लावता तपासणी. तेव्हा कुसुमने स्वतः फाटकाला नारळ फोडला होता.

फाटक म्हणजे दोन खांब. मधे उभं राहिलं की तोंडावर हलका वारा यायचा, दोन श्वास सोडायचे, मग हिरवा दिवा लागायचा नाहीतर लाल. लाल लागला की बाजूच्या खोलीत, आणि तिथलं यंत्र त्या माणसाला हिरवा दाखवीपर्यंत आत कुणी जायचं नाही, डॉक्टरनेसुद्धा नाही.

हे यंत्र बनवणारी डॉक्टर शर्वरी तळवलकर त्या मंगळवारी कुसुमच्या ओट्यावर बसली होती. फाटक लहान मुलांना अडवतं, अशा तक्रारी फार झाल्यावर चौकशी समितीने तिला पाठवलं होतं. ती फौजेच्या लाँचमधून आली होती. लाँचला फाटक नव्हतं.

"मावशी, यंत्र बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "मी तीन दिवस तपासलं."

"मग लेकराला दोनदा लाल का दाखवतंय?" कुसुम कोलंबी सोलत होती, हात थांबला नाही. "चार वर्षांची पोर. तिच्या काळजाला भोक आहे, बाई. तिच्याकडे बंदूक नाही."

कुसुमची नात मैना अंगणात कोंबडीमागे धावत होती. दहा पावलं धावली की खाली बसून धापा टाकायची, ओठ जांभळट व्हायचे, मग पुन्हा हसत उठायची. पलीकडच्या इस्पितळात गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. तिसरी हुकली तर पुढची देणार नाही, उपयोगही नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी जावयाला सांगितलं होतं. त्याला बेटावर यायचा परवाना नव्हता, तो दोन्ही वेळा पलीकडच्या जाळीला धरून उभा राहिला होता.

"माणसाच्या मनात जे चालतं ते त्याच्या श्वासात उतरतं," शर्वरी सांगू लागली. "भीती वाटली, राग आला, की शरीर वेगळे रेणू बाहेर टाकतं. आपल्या नाकाला कळत नाहीत, यंत्राला कळतात. पण किती भीती म्हणजे जास्त भीती? प्रत्येक गावाचं वेगळं. म्हणून मी ठरावीक आकडा घातलाच नाही. यंत्र रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या श्वासावरून त्या गावाचं नेहमीचं मन काय ते शिकतं. त्याला आम्ही चालती सरासरी म्हणतो. त्याहून वेगळं कुणी आलं की लाल. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बिचाऱ्या भित्र्या माणसाला उगाच त्रास नको."

"सुकटीसारखं," कुसुम म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या आळीत बाहेरचं माणूस आलं की नाक धरतं. आम्हाला काही वास येत नाही. उलट कुणी अत्तर लावून आलं तर आम्हीच माना वळवून बघतो."

समितीपुढे हेच सांगायला शर्वरीने चाळीस पानं लिहिली होती. "तसंच," ती हळूच म्हणाली. "नऊ वर्षं सगळं गाव घाबरून त्याच्यातून गेलं. आता घाबरलेलं असणं हेच त्याच्या लेखी नेहमीचं. त्याला वेगळा वाटतो तो..."

"खूश माणूस. ठाऊक आहे. आम्हाला चार वर्षांपूर्वीच कळलं."

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, कोलंबी सोलता सोलता.

जुई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. नववा लागला होता, परवान्यालाच दोन महिने गेले होते. कुसुम अलीकडे भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी, ओवाळून टाकायला. जुई फाटकात आली. चेहरा रडवेला, पाय सुजलेले. आईला बघवेना. "मी ओरडले, अगो, तू आलीस की जावईबापूंची होडी आली? बंदराला लावू का?"

जुई हसली. पोट धरून हसली. दिवा लाल झाला.

"अकरा तास. कळा लागल्या, मग यंत्र काही केल्या हिरवं होईना. आतून तिचा आवाज यायचा. दारावरचा शिपाई वाईट नव्हता हो, तोही रडत होता. नियम म्हणजे नियम. पोर तिथेच झाली, आणि जुई..." तिने एक कोलंबी उचलून पुन्हा खाली ठेवली. "माझ्या हातात तुकडा तसाच होता. मला थट्टा करायची खोडच आहे."

शर्वरी म्हणाली, "मी यंत्र पहिल्या दिवसासारखं करू शकते. इथे शिकलेलं सगळं पुसून, फक्त प्रयोगशाळेतल्या निर्धास्त माणसांचे श्वास ठेवून."

"मग?"

"मग मैना जाईल. बाकी सगळं बेट लाल. दवाखाना, बाजार, कामावर जाणारे, सगळे त्या खोलीत."

"आणि बंदच केलं तर?"

"तर फौज पडदा परत लावणार. मी विचारलं त्यांना. एकट्या मैनेला सूट द्या म्हणूनही विचारलं. म्हणाले, सूट दिली की फाटक कशाला?"

"गुंगीचं औषध?"

"तेही श्वासात येतं."

कुसुमने हात धुतले. "म्हणजे तुमच्याकडे काही नाही." टोमणा नव्हता त्यात. रिकामी टोपली बघून माणूस म्हणतं तसं म्हणाली. "पोरीला त्या फाटकाच्या वाऱ्याने गुदगुल्या होतात, बाई. म्हणून हसते. मी डोळे वटारले, चिमटा काढला. रडत रडत गेली आणि वारा लागल्याबरोबर हसली. तिच्याकडे आठवायला कुणी नाही ना."

"तिची आई?"

"आई कामाला गेलीय, येताना लाल फुगा आणणार आहे. असं सांगितलंय मी तिला. सगळ्या आळीने सांभाळलंय ते. म्हटलं, बेटावर एक तरी पोर पोरासारखं असू दे." ती थांबली. "तुमची वाट बघत होते. तुम्ही यंत्र सुधाराल, मग सांगावं लागणार नाही."



गुरुवारी सकाळी रांग तिसऱ्या खांबापाशी आली आणि गप्प झाली. कुसुम खाली बसली, मैनेचे दोन्ही हात धरले.

"मैना, आई कामाला गेली नाही."

"मग कुठेय?"

"ती मेली. तू झालीस त्या दिवशी. कोंबडीची पिल्लं मेली ना मागे, तशी. ती येणार नाही."

मैनेने विचार केला. "उद्या?"

"उद्यापण नाही."

"फुगा?"

"फुगा मी खोटं सांगितलं."

पोर रडली नाही. तिने फक्त आजीच्या हातातून हात सोडवून घेतले. मागच्या रांगेतल्या बायका पुलाखालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मैना एकटीच दोन खांबांमधे जाऊन उभी राहिली. वारा आला, कपाळावरचे केस उडाले. तिने दोन श्वास सोडले.

दिवा हिरवा झाला.

शर्वरी चौकीच्या खिडकीशी उभी होती. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, 'यंत्र अचूक', आणि बराच वेळ ते खोडता येईल का याचा विचार करत राहिली.

ऑपरेशन चांगलं झालं. सव्वा महिन्याने मैना परत आली, येतानाही हिरवाच लागला. ओठ गुलाबी झाले होते. आता ती अंगणभर धावू शकली असती.

दुपारी उकडत होतं. कुसुमने जुना पंखा ओट्यावर आणून लावला आणि मुद्दाम तिच्या तोंडासमोर धरला. "आली गं आली, गुदगुल्यांची गाडी आली."

मैना खेळ टाकून उठली. पंख्यासमोर सरळ उभी राहिली, हात अंगालगत. केस उडत होते. तिने दोन श्वास सोडले आणि आजीकडे बघत राहिली, हिरवं झालं का म्हणून.