राईतली खिरापत

ऐकीव नाही हे. मी स्वतः तिथं होते. खोटं वाटलं तर वाटू दे, पण घरातल्या लहान पोरींना वाचून दाखवू नका, एवढंच.

गेल्या आश्विनातली गोष्ट. आजऱ्याच्या पुढं आमच्या मामाचं गाव. मी आणि माझी धाकटी बहीण स्वप्नाली कोल्हापुरातून हादग्याला गेलो होतो. पाटावर हत्ती, भोवती पोरींचा फेर, गाणी... आणि शेवटी खिरापत. बंद डब्यात खायला काय आणलंय ते ओळखायचं. स्वप्नाली त्यात पटाईत.

पण आक्काताई मामीनं डबा सरळ उघडला.

"अगं मामी, ओळखू तरी दे की!"

"आमच्यात वळखत न्हाईत."

"का?"

"न्हाईत म्हंजे न्हाईत. खा मुकाट्यानं, कोल्हापूरची शहाणी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गावामागच्या राईत गेलो. देवाची राई ती. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही.

आत पाऊल टाकलं आणि आम्ही थक्क झालो.

काजूला मोहोर थंडीत येतो. इथं आश्विनात झाड न् झाड मोहरलं होतं. करवंदं पिकून काळी झाली होती. ऊन असं हिरवं, की हातावर घ्यावं आणि प्यावं.

स्वप्नाली गिरक्या घेत सुटली. तिचा नवा पिवळा फ्रॉक झाडांमधून फुलासारखा फिरत होता.

मग माझ्या लक्षात आलं...

एवढा मोहोर, पण एक माशी घोंगावत नव्हती.

पाखरू नाही. वारा नाही.

आणि मग... पैंजण.

एक नाही. खूप.

एकीचा हात सुटला, दुजीनं धरला,
फेर आमचा बाई अजून न्हाई भरला...

गळे पोरींचे होते. पोरी नव्हत्या.

समोरचं गवत तेवढं वाकत होतं. गोल... गोल... गोल.

गाणं थांबलं. गवतही थांबलं.

डब्याचं झाकण वाजावं तसा आवाज आला. आमच्या अगदी मागून.

"खिरापतीला काय गं?"

मी स्वप्नालीचा हात धरला. ती मात्र हसत होती. शाळेच्या फेरात उभी असल्यासारखी.

"गोड की तिखट?" तिनं विचारलं.

"गोड."

"घरातली की रानातली?"

"घरातली. आज रानात आली."

"रंग?"

मग सगळ्या मिळून, हळू...

"वरनं पिवळी. आतनं तांबडी."

मला कळलं.

स्वप्नालीनं तोंड उघडलं, तसा मी त्यावर हात दाबला आणि तिला ओढत पळाले. मागून कुणी धावलं नाही. फक्त टाळ्या. एका ठेक्यात, सावकाश.

मामी अंगणात होती. आमची तोंडं बघून तिच्या हातातलं सूप पडलं.

"वळखलं का हिनं?"

"नाही."

"तू?"

मी मान डोलावली. मामीनं मला आत नेऊन दार लावलं.

"तू वळखलंस तर काय न्हाई. जिला इचारलं तिनं बोलायचं असतं. पर हिला सांगू नगंस. कधीच."

"आता तर घरी आलो की आपण, मामी."

"माझं म्हायेर हितलंच, माझी थोरली भन बी राईतनं घरी आलती." मामी भिंतीकडं बघत बोलत होती. "जेवताना सुचलं तिला. हसली, आन् बोलली. मी भाकरी वाढाय वळले... फिरून बघते तर ताट हाय, ती न्हाय. आमटीतनं वाफ येत हुती."

आम्ही त्याच दिवशी कोल्हापूर गाठलं.

स्वप्नाली ठणठणीत आहे. शाळा, क्लास, सगळं करते. पण तिन्हीसांज झाली की माझ्याजवळ येऊन बसते.

"ताई, गाजर हलवा नसेल. तो आतनं-बाहेरनं सारखाच. मग काय गं?"

"मला नाही माहीत."

"तुला माहिताय. तुझ्या तोंडावर दिसतंय की!"

मी पपई म्हणून सांगून बघितलं. ती थोडा वेळ थांबली, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मग म्हणाली, "न्हाई म्हणतायत."

यंदाचा हादगा परवा बसतोय.

काल ती जेवता जेवता मध्येच थांबली. घास हातात तसाच. डोळे लुकलुकले.

"ताई... ती खायचीच वस्तू असेल, असं कुठं म्हणाल्या त्या?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. अजून वाढवला.

ती माझ्याकडं बघून गोड हसत होती.