झोपाळ्यावरचं प्रस्थान

दिल्लीच्या फलाटावरून अदितीचा फोन आला तेव्हा विनिता मेथी निवडत बसली होती. गाडी येऊन रिकामी झाली, पण आई उतरली नाही, तिचा फोनही बंद आहे, असं अदिती सांगत होती. विनिताने उठून व्हरांड्यात पाहिलं. झोपाळ्यावर सुशीलाचं गाठोडं सकाळपासून तसंच पडलं होतं.

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या त्या दुमजली घरात वर नरहरराव आणि सुशीला राहत, खाली भाड्याने विनिता. नरहरराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचांग पाहिल्याशिवाय नखंसुद्धा न कापणारे. बायकोला त्यांनी जन्मात एकटीला कुठे पाठवलं नव्हतं. पण पुण्याच्या लेकीने, अदितीने, हट्ट धरला की मायलेकींनी चार दिवस दिल्ली बघून यायची, आणि काय नवल, ते हो म्हणाले. मग महिनाभर फोनवर बेत शिजला. कुतुबमिनार, लाल किल्ला, चांदणी चौकातले पराठे, शिवाय मेट्रो. मेट्रोच्या सरकत्या जिन्याची सुशीलाला धास्ती वाटे, म्हणून विनिता तिला मॉलमध्ये सरावाला घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला त्या साठी उलटलेल्या बाईने कठडा सोडून दिला आणि ती पोरीसारखी हसली.

निघायचा दिवस पंचांगात वाईट निघाला. तोड नरहररावांनीच काढली. आदल्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे प्रवासाचं थोडं सामान शेजारी नेऊन ठेवायचं, प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, आणि खऱ्या दिवशी जाताना ते उचलून पुढे जायचं. परत घरात मात्र आणायचं नाही. सुशीलाचं गाठोडं त्याप्रमाणे विनिताकडे आलं. पहाटे विनिताची झोपमोड नको म्हणून ते व्हरांड्यात ठेवायचं ठरलं होतं.

तपास सब-इन्स्पेक्टर अंबरीश मोहितेकडे आला. तो ग्वाल्हेरचा मराठी माणूस. बेपत्ता बायकांची प्रकरणं त्याने इतकी पाहिली होती की आशा नावाचं दुखणं त्याला उरलं नव्हतं. अदिती विमानाने भोपाळला येऊन पोचली होती. ती सारखी एकच विचारत होती, आई सापडेल ना. अंबरीश तिच्या वडिलांकडे वळला. नरहरराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते. पहाटे स्टेशनसाठी ऑटोत बसवून दिली, एवढंच ते सांगत होते.

"काका, दारात गाडी आहे. मग ऑटो कशाला?"

"मोतीबिंदू आहे. अंधारात चालवत नाही."

"ऑटोचा नंबर?"

"रस्त्याने जात होती, थांबवली. नंबर कोण बघतं."

"निघताना काही म्हणाल्या?"

"नाही. हातावर दही घातलं, पाया पडली, गेली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"उजाडल्यावर गाडी काढून देवळात गेलो. आलो, आंघोळ केली, बसलो."

विनिताला त्यांची कणव आली. ती म्हणाली की सकाळी वर गेले तर हे स्वतः घर झाडत होते, केस अजून ओले. इतक्या वर्षांत यांच्या हातात झाडू पाहिला नव्हता, बाई गेल्या आणि बिचाऱ्यांवर ही वेळ आली.  अंबरीश हात जोडायला म्हणून देव्हाऱ्यापाशी गेला आणि तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिला. फुलं वाळून काळी पडली होती. कुंकवाच्या सड्यात दोन वाटोळ्या जागा कोऱ्या होत्या.

तोवर शिपायांनी कोपऱ्यावरचा एक ऑटोवाला ठाण्यात आणून बसवला होता. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर पदराने डोळे पुसत होती. पहाटे त्याला कुणी सवारी मिळालीच नव्हती, पण हे सिद्ध करायला साक्षीदार कुठून आणणार. गरिबाला कुणी वाली नसतो, हे भोपाळमध्येही खरंच आहे.

अंबरीश खाली व्हरांड्यात आला आणि त्याने गाठोडं सोडायला सांगितलं. विनिता कचरली. प्रस्थान असं मधेच कुणी सोडत नाही. शेवटी तिनेच गाठ सोडली. सुपारी, हळकुंड, एक साडी. साडीच्या घडीत खणात गुंडाळलेली पितळेची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण.

विनिताने ते लगेच ओळखले. लग्नात माहेराहून नवरीबरोबर येणारे हे देव. चार दिवस दिल्ली बघायला जाताना ते कुणी बरोबर नेत नाही.

"अदिती," अंबरीश म्हणाला, "आई परत येणार नव्हत्या ना?"

ती देव परत खणात गुंडाळू लागली. मग म्हणाली, "दिल्लीहून माझ्याकडे पुण्याला यायची होती. कायमची. बाबांना निघताना दारात सांग, असं मीच म्हटलं होतं. भांडायला वेळ उरणार नाही म्हणून."

सगळे वर गेले. अंबरीश नरहररावांसमोर बसला. आवाज त्याने मुळीच चढवला नाही.

"काका, खरंच घराबाहेर पडल्या असत्या तर काकूंनी झोपाळ्यावरचं प्रस्थान उचललं असतं. त्यात त्यांचे देव होते, ते त्या विसरणार नव्हत्या. म्हणजे त्या जिन्याच्या पुढे गेल्याच नाहीत. ऑटो नव्हतीच. तुम्ही पंचांग पाहून नखं कापता, आणि आंघोळ न करता देवळात जाता? देवळातून आल्यावर आंघोळ करता? तेव्हापासून देवाला फूल नाही, कारण सुतकात पूजा करत नाहीत. आणि झाडू. माझी आई तर माणूस पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावू देत नाही. माणूस गेल्याबरोबर घर कधी झाडतात, ते तुम्हाला मी सांगायला नको."

अंबरीशने देव्हाऱ्याकडे बोट केलं.

"पहाटे देवापुढे गेलात, काकूंच्या देवांच्या जागा रिकाम्या दिसल्या. विचारलंत. त्यांनी सांगितलं. पुढचं तुम्ही सांगा."

"बॅग ओढली मी," नरहरराव म्हणाले. "ती सोडेना. जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. ढकललं मी तिला. खाली गेलो तेव्हा... गेले होते प्राण. गाडीत घालून कलियासोत नदीकडे नेलं. घरी आलो आणि हात आपोआप केरसुणीकडे गेला. दुसरं काहीच करता येत नव्हतं तिच्यासाठी."

अदितीने भिंतीला डोकं टेकलं. तिला रडूही आलं नाही. शिपायाने हळूच विचारलं, "सर, ऑटोवाले को छोड़ दें?" अंबरीशने मान हलवली. एवढंच काय ते चांगलं त्या दिवसात घडलं.

सुशीला कलियासोतच्या झुडपात सापडली. शवविच्छेदन झालं, दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि तासाभरात अंगणातून निघाली. गाठोडं अदितीने परत वर नेलं नाही. देवांसकट तसंच तिच्या पायाशी ठेवलं आणि तिच्याबरोबर घाटावर पाठवलं.

तिरडी घेऊन माणसं फाटकाबाहेर गेली. विनिताने डोळे पुसले, पदर खोचला आणि रिवाजाप्रमाणे घर झाडायला केरसुणी उचलली.

"राहू दे, मावशी," अदिती म्हणाली. "बाबांनी झाडलंय."