न घेतलेला खडक

मला कुणी काकू म्हटलं तर राग येत नाही, वयच आहे ते. पण "काकू, तुम्ही बसा, खडक मी काढून देतो" असं म्हटलं की येतो. समुद्रवाल्यानं नेमकं तेच म्हटलं.

समुद्रवाला म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा दुकानदार. टायरच्या गोदामामागे, उतरत्या जिन्याखाली त्याचं दुकान. आत गेलं की ओल्या दोरखंडाचा वास येतो, आणि पंपांची अशी घरघर की माणूस आपोआप भांडल्यासारखा बोलायला लागतो. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या करायला लागून मला एकवीस वर्षं झाली होती. कुणी शिकवलं नाही. रद्दीतल्या मासिकांकडून शिकले आणि मेलेल्या माशांकडून. मेलेला मासा चांगला मास्तर असतो, एकदाच शिकवतो आणि छडी मारत नाही. तर अशा बाईला हा म्हणतो, तुम्ही बसा.

खारं पाणी मी घरात आणत होते ते यांच्यासाठी. यांनी तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात रंग जुळवले. गिऱ्हाइकानं जुन्या दाराचा टवका आणून दिला की हे चार डब्यांतून थेंब थेंब घेऊन तोच रंग उभा करायचे. आणि नेमके याच माणसाचे डोळे चालले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभर धरून चला." बसचा पास काढून द्यावा तशा म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येताना हे म्हणाले, "एकदा प्रवाळ बघायचं राहिलं गं. तिथले रंग आमच्या कुठल्याच डब्यात नव्हते."

समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि यांना धड जिना उतरता येत नाही. म्हटलं, ठीक आहे. समुद्र घरी येईल.

प्रवाळाच्या टाकीत खडक शोभेचा नसतो. पाणी खडकच स्वच्छ ठेवतो. त्याच्या बारीक भोकांत न दिसणारे जीव राहतात आणि माशांची घाण पचवतात. कोरडा खडक घ्या, तर ते जीव वसायला सहा-सात महिने लागतात. टाकी मुरायला हवी. समुद्रातून थेट काढलेला घ्या, तर त्याच्या पोटातून खेकडे नि काय काय निघतं. तिसरा प्रकार म्हणजे कुणाच्या तरी मोडलेल्या टाकीतला, सतत ओला ठेवलेला खडक. तो दीड महिन्यात तयार होतो. वर्षातले सात महिने मुरण्यात घालवायला माझ्याकडे नव्हते.

समुद्रवाल्याकडे एका निळ्या टबात असे तीसेक तुकडे होते.

"सगळेच न्या ना काकू," तो म्हणाला. "एका घरचे आहेत. एकत्र राहिलेले बरे."

"खडकांना कसलं घरचं नि बाहेरचं? माल खपवायचाय असं सरळ म्हणा."

मी बाह्या सारल्या आणि हात घातला. खडक कसा निवडायचा? आकाराच्या मानानं हलका लागला पाहिजे, म्हणजे आतून पोकळ आहे. वास ओल्या मातीचा यावा, कुजक्या अंड्याचा नाही. एका भोकातून फुंकर मारली तर दुसरीकडे बोटाला कळली पाहिजे. एकेक तुकडा नाकाशी धरून मी नऊ वेगळे काढले. दहावा एक होता, सपाट, पाटासारखा, जड, उजव्या टोकाला कुणी चावा घेतल्यासारखी खाच. तो ठेवला तर खालच्या सगळ्यांवर सावली पडणार. मी तो टबात परत टाकला. समुद्रवाल्यानं उचलून माझ्या नवांत ठेवला. मी पुन्हा टाकला. त्यानं पुन्हा ठेवला.

"हा राहू द्या, काकू. हा मधला आहे."

"माझ्या टाकीत मधला कोण ते मी ठरवीन."

त्यानं दहावा टबात सोडला. उरलेले नऊ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

जुन्या टाकीतलं काहीही घेताना पहिला प्रश्न विचारायचा असतो: ती टाकी का मोडली? हा माझा स्वतःचा नियम आहे. वापरलेली वाळू घेतानासुद्धा मी विचारते. त्या दिवशी रागाच्या भरात विचारायचं राहिलं.

बैठकीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला टाकी लावली. आधी खडक थेट काचेवर, मग वाळू. उलटं केलं तर एखादा मासा वाळू उकरतो आणि डोलारा कोसळतो. डावीकडे पाच, उजवीकडे चार, मधे माशांना पोहायला ऐसपैस मोकळी जागा. मीठ मोजून कालवलं, पंप लावला, निळसर दिवा लावला. यांची खुर्ची समोर आणली. यांना तेव्हा नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. मधला एक गोल उरला होता, बाकी धुकं. त्या गोलात टाकी बसावी असं खुर्चीचं अंतर मी ठरवलं. मासे मात्र दीड महिना सोडायचे नव्हते.

बाराव्या दिवशी मी पडदे झटकत होते. हे म्हणाले, "पिवळा फार भित्रा आहे गं."

"कोण पिवळा?"

"मासा."

"अहो, टाकीत मासा नाही. अजून महिनाभर नसणार."

"बरं," हे म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं. मग थोड्या वेळानं, "लिंबू नाही म्हणता येणार. शाळांच्या खिडक्यांना आमचा एक पिवळा जायचा, तो. शेपटीपाशी किंचित मळलेला."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नजर कमी झाली की मेंदू आपल्या पदरची चित्रं भरतो. वेड नाही, पुष्कळांना होतं. मला पटलं. न पटायला मी काही खुळी नाही. पण राग आला. मेंदूला चित्रंच काढायची होती, तर महिनाभर थांबून माझ्या माशांची काढायची.

हळूहळू बाकीचेही आले. निळ्या पट्ट्यांची जोडी. एक बारीक, दुसऱ्यांच्या कल्ल्यांतली घाण टिपणारा. एक म्हातारा, तपकिरी, कपाळावर टेंगूळ असलेला. हे सकाळी हजेरी घ्यायचे आणि मी डाळ निवडता निवडता "हो का, हो का" करायची.

मग मी पाणी तपासलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. मासे खातात, घाण करतात, त्या घाणीचा अंश पाण्यात असेल तर रंग पिवळ्याचा लाल होतो. माझ्या टाकीत कुणी खातच नव्हतं. नळी लाल झाली. वीटकरी नाही, चांगली लालभडक. मी तीनदा केलं. औषधाची नवी बाटली आणली. पाण्याचा तिसरा हिस्सा बदलला. आठवड्यानं पुन्हा लाल. पाच-सहा खाऊन-पिऊन सुखी माशांचं पाणी असतं, तसं.

यांना काही बोलले नाही. बोलणार काय?

त्याच आठवड्यात हे खुर्चीतून उठले, चाचपडत टाकीपाशी गेले आणि काचेवर बोट टेकलं. अगदी मधोमध, मी मोकळ्या ठेवलेल्या जागेवर.

"इथे येतात आणि वळतात बघ. सपाट खडकाच्या खालून जातात."

"तिथे खडक नाही. तिथे मी जागा सोडलीय."

"आहे की. पाटासारखा. उजवीकडे चावा घेतल्यासारखी खाच आहे, पिवळा रोज तिथे अंग घासतो."

समुद्रवाल्याचा तो जिना हे कधीच उतरले नव्हते. आणि दहाव्या खडकाबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता. नाकारलेल्या वस्तूंची हकिगत घरी कोण सांगतं?

मी पर्स उचलली आणि दुकान गाठलं. समुद्रवाला टबापाशी उकिडवा बसला होता.

"कुणाच्या घरचे होते हे खडक?"

त्यानं जवळचा पंप बंद केला. त्या दुकानात मी पहिल्यांदाच हळू आवाज ऐकला.

"फोन आला, टाकी घेऊन जा म्हणून. किल्ली शेजारच्यांकडे होती. घरात कोणी नाही. टाकीसमोर एक खुर्ची. मासा एकही नव्हता काकू, मी खडक उलटेपालटे करून पाहिलं. पण पाण्यावर खाणं तरंगत होतं. नुकतं टाकलेलं. भिजलंसुद्धा नव्हतं."

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

हे जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. त्यानं तो सपाट खडक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "न्या हा. असाच न्या. मला ठेवायचा नाहीये."

"मलाही नाही," मी म्हटलं आणि जिना चढून वर आले.

घरी आले ती बादली घेऊनच टाकीपुढे उभी राहिले. नऊच्या नऊ काढून फेकणार होते. यांना बादलीच्या कडीचा आवाज कळला.

"काढू नकोस," हे म्हणाले. "बाकी सगळं गेलं गं. दार गेलं, भिंत गेली. तूसुद्धा एका बाजूनं थोडीशी उरलीयस. ही टाकी तेवढी स्वच्छ दिसते."

मी बादली ठेवून दिली. पण सांगते, तेव्हा माझ्या मनात भीती नव्हती, संताप होता. टाकी माझी, पाणी माझं, मिठाचा दाणा न् दाणा माझ्या हातचा, आणि नवरा माझा. आणि हा माणूस बसून दुसऱ्याच कुणाचे मासे बघतोय.

दीड महिना पुरा झाला तशी मी दोन मासे आणले. नारिंगी, करंगळीच्या पेराएवढे. आधी दुकानात उभं राहून त्यांना खाताना पाहिलं, मगच घेतले.

"सोडले बरं का," मी यांना म्हटलं. "दिसतात का?"

"कुठे?"

"अहो, डावीकडे. वर, कोपऱ्यात."

यांनी खूप वेळ पाहिलं. "नाही गं. पिवळा आड येत असेल."

माझे दोघे त्या कोपऱ्यातून हलत नसत. खाणं टाकलं की भीत भीत यायचे, आणि मधोमध आले की दोघंही एकदम खाली वाकून वळायचे. मोकळ्या पाण्यात. मी रोज बघत होते.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग मला बाहेर बोलावलं. "आता उजेडही कळत नाही त्यांना."

"तुम्ही वर्ष म्हणाला होता."

"तो अंदाज असतो."

अंदाज. मी मिठाचा अंदाज चमच्याच्या टोकाएवढा चुकू देत नाही.

घरी आलो. हे हातानं खुर्ची शोधून बसले, समोर तोंड केलं आणि म्हणाले, "आज म्हातारा बाहेर आलाय."

त्यानंतरचा मंगळवार. सकाळचे दहा. मी ओट्याशी दुधी चिरत होते.

"अगं, ये लवकर. तुझे आले."

"कोण माझे?"

"मासे. दिसले. दोघंही."

हातातली सुरी तशीच घेऊन मी दारात आले. यांचा चेहरा उजळला होता, कारखान्यात पहिल्या झटक्यात रंग जुळल्यावर उजळायचा तसा.

"काय रंग निवडलास गं. नारिंगी म्हणजे नारिंगी. पांढऱ्या पट्ट्याला काळी कड आहे, केसाएवढी. आणि धाकट्याचा एक पर आखूड आहे ना?"

होता. आखूड पर होता म्हणूनच तो कुणी घेत नव्हतं, म्हणून मी घेतला. यांना सांगितलं नव्हतं.

मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आलं. "दिसले ना? म्हटलं नव्हतं मी?"

"सगळ्यांबरोबर फिरतायत. खडकाखालून जातायत बघ."

मी टाकीपुढे वाकले.

माझे दोन्ही मासे तळाला होते. मधल्या मोकळ्या वाळूवर, एका अंगावर, शेजारी शेजारी. नारिंगी उतरून गेला होता. मेलेलं साफ करायला माशांबरोबर सोडलेली गोगलगाय त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मी काचेला हात लावला.

हे अजून हसत होते. मग यांनी टाकीवरून तोंड वळवलं. गेले काही महिने हे आवाजाच्या दिशेनं, जरा तिरकं बघायचे. आता सरळ बघितलं.

"आणि अगं," हे म्हणाले, "तूपण दिसतेयस."

मी हलले नाही.

"स्वच्छ दिसतेयस. हिरवा स्वेटर घातलायस. दुसरं बटण तिसऱ्या काजात घातलंयस, वेडे."

मी खाली पाहिलं.

बटण तिसऱ्याच काजात होतं.