चित्रावलीची कापलेली पानं

“माझी लेक चोर न्हाई,” भीमाबाई दारातूनच म्हणाल्या. “एवढं चार लोकांम्होरं सिद्ध करून द्या. बाकी मला काय नको.”

अंगदने खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. पाथर्डीकडची ही बाई ऊसतोडीच्या फडावरून तशीच उठून आली होती. उसाच्या पाचटाने दोन्ही हात चिरलेले होते. मागे त्यांची मुलगी पंकजा उभी होती. रडून झालेलं होतं तिचं. आता नुसता संताप उरला होता.

सावेडीतल्या त्या दोन खोल्यांत यमुना दरंदले खासगी तपासाची कामं घ्यायची. विम्याचे खोटे दावे, बनावट वारस, लग्नाआधीच्या चौकशा. अंगद तिचा मावसभाऊ. जीप चालवायची आणि तपासात सोबत राहायचं, हे त्याचं काम. त्याचं डोकं तापायला वेळ लागत नसे, चालायला लागे.

“पहिल्यापासून सांग,” यमुना पंकजाला म्हणाली.

नेवासा रस्त्यावरच्या एका खासगी विद्यापीठात पंकजा शेतकी शिकत होती. पिकांच्या रोगांची एक जाडजूड चित्रावली तिथल्या ग्रंथालयात होती. परदेशी छपाई, बाजारात न मिळणारी. प्रकल्पाच्या वहीत तिच्यातली रंगीत चित्रं लावावी लागत. ग्रंथ घरी मिळत नसे आणि मोबाईलवर फोटो काढायला बंदी होती. ग्रंथालयातल्या झेरॉक्स काउंटरवरून रंगीत प्रती विकत घ्यायच्या, हा एकच रस्ता.

“मला त्या परवडत नव्हत्या,” पंकजा म्हणाली. “मी म्हटलं, हाताने चित्रं काढते. म्हणून ग्रंथ मागितला. उघडला तर चित्रंच नाहीत! कापून नेलेली. मी तशीच काउंटरला जाऊन सांगितलं. तर ग्रंथपाल सर म्हणाले, तूच कापलीस.”

“तूच सांगितलंस आणि तूच चोर?” अंगद ओरडला.

“पन्नास हजार भरा म्हन्तात. न्हाई तर ग्रंथालयाचा दाखला न्हाई, दाखला न्हाई तर परीक्षेचं हॉलतिकीट न्हाई,” भीमाबाई म्हणाल्या. “उद्या शेवटचा दिस हाय. वरून म्हन्ले, तोडकऱ्याची पोरगी, हिला पुस्तकाची काय किंमत!”

अंगदने जीपची किल्ली उचललीच होती. यमुनाने फक्त चप्पल पायात सरकवली.

ग्रंथालयाची इमारत काचेची, चकचकीत होती. दारातच दरपत्रक लावलेलं: अनामत, कार्ड, वाचनकक्ष, संध्याकाळी सहानंतरचा वाचनकक्ष, इंटरनेट, सामान ठेवायचं कपाट. पाणी तेवढं फुकट होतं, ते का राहिलं कुणास ठाऊक!

काउंटरवर सविता मॅडम होत्या. चाळिशीच्या, घाबरलेल्या.

“ग्रंथ मीच काढून दिला,” त्या हळूच म्हणाल्या. “त्याच्या कपाटाची किल्ली ग्रंथपाल वाबळे सरांकडेच असते. त्या दिवशी ते बैठकीला गेले आणि जुडगा टेबलावर राहिला. पोरगी तळमळीने मागत होती, म्हणून दिला. पाच मिनिटांत परत घेऊन आली. सर म्हणतात, तेवढ्यात कापली असणार.”

“तिच्याआधी कुणी मागितला होता?”

“कशाला मागतील? झेरॉक्सवाल्या करणकडे तयार प्रती मिळतात की.”

“पंकजा इथे कधीपासून येते?”

“कार्ड दिवाळीनंतर झालं तिचं. अनामत भरल्याशिवाय कार्ड नाही आणि कार्डाशिवाय ते गेट उघडत नाही. फाटकच आहे ना ते लोखंडी, फिरतं. आई-बापाला मुकादमाकडून तोडीची आगाऊ उचल मिळाली तेव्हा तिने अनामत भरली. तोवर बाहेर पायरीवर बसून मैत्रिणींच्या वह्या उतरवायची.”

“उन्हात?” अंगदने विचारलं.

सविता मॅडमनी मान खाली घातली. अंगदच्या मुठी वळल्या. फी घ्यायची विद्यापीठाची आणि वाचायला पायरी!

झेरॉक्स काउंटरवर करण नावाचा तरुण होता. केस वळवलेले, बोलणं गोड.

“दिवाळीच्या पाडव्याला दुकान मांडलं, मॅडम. तेव्हा पहिल्यांदा इथे पाय ठेवला. त्याआधी मी राहात्याला मोबाईल दुरुस्ती करायचो.”

यमुनाने चित्रावलीच्या प्रतींचा एक संच विकत घेतला. मग शेजारच्या टेबलावरचा जाड शब्दकोश उचलून त्याच्यापुढे ठेवला. “याचंही एक पान काढ.”

करणने शब्दकोश काचेवर उपडा घालून दाबला. निघालेल्या पानावर शिवणीच्या बाजूने काळा पट्टा आला होता आणि तिथली अक्षरं वाकडी झाली होती. चित्रांच्या प्रती मात्र चारही कडांनी स्वच्छ होत्या.

“ही चित्रं कशावरून काढतोस?”

“ते... रामकाकांना विचारा. म्हणजे, वाबळे सरांना.”

अंगदला एवढं पुरे होतं. बाहेर येताच तो म्हणाला, “चोर सापडला! पानं सुटी आहेत, म्हणून प्रती स्वच्छ येतात. याची गचांडी धरतो आणि—”

“आणि तो कुणाचं नाव घेतो ते ऐकायच्या आधी त्याचे दात पाडतोस,” यमुना म्हणाली. “चल, सरांना भेटू.”

ग्रंथपाल डॉ. रामनाथ वाबळे यांनी त्यांना उभंच ठेवलं. त्यांनी कपाट उघडून ग्रंथ टेबलावर ठेवला आणि तो आपसूक मधोमध उघडला. कापलेल्या चार पानांच्या चिंचोळ्या पट्ट्या शिवणीशी उभ्या होत्या. डाव्या पानाच्या समासात ओल्या कुंकवाचं बोट टेकल्याचा जुना, सुकलेला डाग होता. समोर उजव्या पानावर तोच डाग, पण फिकट आणि उलटा.

“हे कुंकू कसलं?” यमुनाने सहज विचारलं.

“दसऱ्याचं. दर दसऱ्याला आम्ही ग्रंथपूजन करतो. सगळ्यात मौल्यवान म्हणून हाच ग्रंथ मांडतो. मी स्वतः उघडला, स्वतः हळदकुंकू वाहिलं, स्वतः मिटला. कुलगुरू समोर होते.”

“तेव्हा चित्रं होती?”

“सगळी शाबूत! या डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर ग्रंथ कपाटात गेला तो या मुलीने काढेपर्यंत बाहेर आलेला नाही. मग दुसरं कोण?” वाबळे हसले. “अहो, या लोकांना पुस्तक म्हणजे काय ते कळत नाही. अनामतसुद्धा वेळेवर भरत नाहीत.”

अंगद एक पाऊल पुढे सरकला. यमुनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“सर, कुलगुरूंना बोलवा,” ती म्हणाली. “ग्रंथ कपाटात ठेवू नका. इथेच, माझ्यासमोर राहू द्या.”

कुलगुरू आले. भीमाबाई, पंकजा, सविता मॅडम आणि करणही आले. केबिनच्या काचेपलीकडे वाचनकक्ष भरलेला होता. आतलं काही बाहेर ऐकू जात नव्हतं.

“सुरुवात करणपासून करू,” यमुना म्हणाली. तिने दोन कागद टेबलावर ठेवले. “हा शब्दकोशाचा, हा चित्रावलीचा. बांधलेल्या जाड पुस्तकाची प्रत काढली की शिवणीचा काळा पट्टा येतो. चित्रांना तो नाही. कारण करणकडे ग्रंथ नाही, सुटी पानं आहेत.”

करणचा चेहरा पांढराफटक पडला.

“सापडला ना चोर?” वाबळे घाईने म्हणाले. “मला आधीच संशय होता!”

“आत्तापर्यंत तर ही मुलगी चोर होती,” यमुना म्हणाली. “सर, तुमचा संशय फार लवकर घर बदलतो. आता हे कुंकू बघा. डाव्या पानावर मूळ डाग, उजव्यावर त्याचा छाप. ओलं कुंकू लावून ग्रंथ मिटला की समोरच्या पानावर छाप उठतो. पण या दोन पानांच्या मधे चित्रांची चार पानं असायला हवी होती. ती असती, तर छाप पहिल्या चित्रावर उठला असता. या पानापर्यंत पोचलाच नसता.”

कुलगुरू ग्रंथावर वाकले. त्यांनी दोन्ही पानं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. डागावर डाग बरोबर बसत होता.

“म्हणजे पूजेच्या वेळी...”

“चित्रं आधीच कापलेली होती. तुमच्यासमोर. तुम्ही हात जोडून उभे होतात आणि ग्रंथाला नमस्कार करताना पानं कोण मोजतो? पानं कापलेला ग्रंथ त्याच जागी आपसूक उघडतो. तसा तो उघडला आणि सरांनी सवयीने तिथेच बोट टेकवलं.”

“मला काय माहीत तेव्हा!” वाबळे ओरडले. “हे करणचं—”

“करणने पाडव्याला पहिल्यांदा इथे पाय ठेवला. दसरा त्याच्या आधी येतो, सर. तेव्हा कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. चित्रं शाबूत पाहिली, हे खोटंही त्याच माणसाने सांगितलं. करण तुम्हाला रामकाका म्हणतो. कोण लागतो तुमचा?”

“साडूचा मुलगा,” करणच बोलला. त्याचा आवाज फाटला होता. “पानं काकांनीच आणून दिली. अर्धी कमाई त्यांची. मी एक पान कापलेलं नाही.”

दुकान उघडण्याआधीच माल तयार ठेवला होता तर! अंगदच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ आगही पेटली.

“तरी ही मुलगी सुटत नाही!” वाबळे इरेला पेटले. “दसऱ्याआधी हिनेच येऊन कापली असतील!”

यमुना पहिल्यांदाच चिडलेली दिसली.

“कशी येईल? तुमचं ते लोखंडी फाटक तिला आत घेत नव्हतं. अनामत भरली नव्हती ना तिने वेळेवर! दसऱ्याला ती बाहेर पायरीवर बसली होती. तिच्या गरिबीने तिला तुमच्या दाराबाहेर ठेवलं, वाबळे. तीच आज तिची साक्षीदार आहे.”

कुलगुरूंनी घसा खाकरला. “झालं ते वाईट झालं. आपण हे आपल्यातच मिटवू. वाबळेंची चौकशी होईल. मुलीला दाखला आत्ता देतो आणि दंड पूर्ण माफ.”

“माफ?” भीमाबाई पुढे आल्या. “काय केलं माझ्या लेकीनं, म्हनून माफ करता? चोराला सायेब म्हन्ता आन् तिला माफी?”

“बाई, आवाज जरा... ग्रंथालय आहे.”

“हिला चोर म्हन्लात ते समद्या पोरांम्होरं. आन् आता दार लावून बोलता व्हय?”

त्यांनी स्वतःच केबिनचं दार सताड उघडलं. वाचनकक्षातल्या माना वळल्या.

कुलगुरूंनी वाबळेंकडे पाहिलं, भीमाबाईंकडे पाहिलं आणि ते निमूट दारात जाऊन उभे राहिले. पंकजाने चित्रं कापलेली नाहीत, ती ग्रंथपालांनी कापली, आणि विद्यापीठ तिची जाहीर माफी मागतं, हे त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. पहिल्यांदा आवाज बारीक होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “ऐकू नाही आलं, सर.” त्यांना पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

मग एक मुलगी उठली. तिच्या हातात प्रकल्पाची वही होती, रंगीत चित्रं चिकटवलेली.

“म्हणजे आमच्याच ग्रंथाची पानं आम्हालाच विकत होते?”

दुसरा उठला. तिसरी उठली. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले आणि केबिनच्या दाराशी गर्दी जमली. वाबळेंनी बाहेर पडायला वाट शोधली, पण कुणी बाजूला सरलं नाही.

सविता मॅडमनी दाखल्यावर शिक्का मारला. पंकजाने तो हातात घेतला, आईकडे दिला, आणि वळून ती त्या पोरांच्या गर्दीत सगळ्यात पुढे जाऊन उभी राहिली.

“आता उत्तर द्या, सर,” ती म्हणाली.