दुसरा ठोका

कंपन चाचणीच्या वर्गात शेवटच्या दिवशी बारापैकी अकरा जण पास झाले होते. राहिल्या होत्या त्या फक्त बाई. आठ वर्षं घर आणि मुलगी सांभाळून त्यांनी पुन्हा इंजिनिअर व्हायचं मनावर घेतलं होतं. एका कारखान्याने जागाही राखून ठेवली होती, पण प्रमाणपत्र आज संध्याकाळपर्यंत हवं होतं. आणि घोडं अडलं होतं एका ठोक्यावर.

काम तसं साधं. हॉलच्या मधोमध माणसाच्या उंचीचा पंखा, खाली पोकळ लोखंडी बैठक, चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद. तिच्यावर खडूने बारा खुणा. चिठ्ठीत येईल त्या खुणेवर मेणाने सेन्सर चिकटवायचा, शेजारी हातोडीने एकदाच ठोका मारायचा आणि लोखंड कसं थरथरतं ते पडद्यावर बघायचं. हातोडी उसळून पुन्हा टेकली, की पडद्यावर दोन शिखरं येतात. हा दुहेरी ठोका, नवशिक्यांची हमखास चूक.

बाईंच्या वाट्याला सात नंबर आला होता. नऊ प्रयत्न, नऊही दुहेरी.

"मनगट सैल सोडा हो," शिकवणारे मास्तर वैतागून म्हणाले. "तीन वाजता पंखा पूर्ण वेगात चालवायचाय. त्याआधी एक शेवटचा प्रयत्न देतो."

जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. "आई, हातोडी मारायलासुद्धा परीक्षा असते?"

"असते ना. आणि तुझी आई त्यात गटांगळ्या खातेय."

मुलगी खळखळून हसली. फोन ठेवल्यावर मात्र बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

बाई रिकाम्या हॉलमध्ये परतल्या आणि सरावाला बसल्या. पडद्यावर दोन आलेख होते, वर हातोडीचा आणि खाली बैठकीचा. मास्तरांसकट सगळे सवयीने खालचाच बघत. बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. तिथे शिखर एकच होतं.

म्हणजे हातोडी एकदाच लागली होती.

त्यांनी वायर तपासली, मेण बदललं, आसपासची यंत्रं बंद केली. एक ठोका मारला. क्षणार्धात खाली दुसरा उमटला. सेन्सर सहावर नेला, तर दुसरा ठोका क्षीण झाला. आठवरही तसाच.

सातवर परत आल्या. दोन ठोके मारले.

दोन आले.

मग बाईंनी हातोडी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

एक आला. जरा घाईने, दुसरा.

तीनला सगळे पंख्याभोवती जमले. मास्तरांचा हात बटणाकडे गेला.

"चालू करू नका," बाई म्हणाल्या. "सात नंबरखाली काहीतरी आहे."

"काय आहे?"

"माहीत नाही. पण दुसरा ठोका माझा नाही."

मास्तरांनी दोन्ही आलेख पाहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "बैठक कापावी लागेल. काही निघालं नाही, तर तुमचं प्रमाणपत्र गेलं. मग मीही काही करू शकणार नाही, बाई."

समोर अकरा जण पंख्याला खेटून उभे होते.

"कापा," त्या म्हणाल्या.

वेल्डरने तुकडा कापून काढला आणि आत बॅटरीचा झोत टाकला. पंख्याचा मुख्य आधार आतून चिरत गेला होता. नखाएवढंच लोखंड शाबूत होतं. पूर्ण वेगात पंखा सुटला असता, थेट माणसांत.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथेच उभ्याउभ्या त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली.

"चार वर्षं," ते पुटपुटले, "सात नंबरवाल्यांना मी नापास करतोय."

बाईंना रडू आलं, आनंदाचं. त्यांनी ते आवरलं नाही. मुलीला काय सांगायचं, ते मनात जुळायलाही लागलं.

"बाई," वेल्डरने हळूच हाक मारली. "हे बघा."

कापलेला तुकडा त्याने उलटा धरला होता. आतली बाजू गंजाने तांबडी झाली होती. फक्त सात नंबरच्या मागे लोखंड घासून चकचकीत झालं होतं, आणि तिथे एका ओळीत चार खळगे होते.

बाईंनी मूठ वळली आणि दारावर टकटक करताना ठेवतात तशी त्यावर टेकवली.

चारही बोटांचे सांधे बरोबर बसले.