चढावर सुटणारी चाकं

"थोडं पाणी मिळेल का? मला नको, हिला," असं म्हणून त्यानं जीपच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

मागच्या सीटवर एक शेळी बसली होती. पुढच्या पायाला पांढरं बँडेज, मान वर, आणि एखाद्या पाहुण्या बाईसारखी नजर खिडकीबाहेर. गॅरेजचं दार तिला फारसं पसंत पडलेलं दिसत नव्हतं.

गॅरेजातल्या मेकॅनिक मुलीनं बादली भरून दिली. शेळी पाणी पीत होती, तेवढ्यात ती मुलगी जीपभोवती एक फेरी मारून आली. सवयच होती ती. लोक समोरच्याचा चेहरा बघतात, ती आधी चाकं बघायची.

"तुमचं फोर-व्हील लागत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चाकांनी. मागची दोन्ही जागच्या जागी फिरून चिखलात न्हालीयत. पुढची दोन्ही नुसती मजा बघत होती."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून खाली घसरला आणि त्यानं तो मनगटानं वर ढकलला, कारण बोटं शेळीच्या औषधानं पिवळी झाली होती. एवढंच. पण ती पुढे कितीतरी वेळ हातातला पाना कशासाठी घेतला होता तेच आठवत उभी राहिली.

तो जनावरांचा डॉक्टर होता. डोंगरावरच्या मेंढपाळांच्या वस्त्यांवर जायचं, वाट कच्ची, सदा ओली. आणि त्याची बदली झाली होती, मोठ्या शहरात. "ही जीप नव्या डॉक्टरच्या ताब्यात द्यायची आणि मग मी मोकळा," तो म्हणाला. "पण चालू स्थितीत द्यायची. तोवर साहेब सोडणार नाहीत."

"म्हणजे ही दुरुस्त झाली की तुम्ही जाणार?"

"हो… म्हणजे, तसंच ठरलंय."

"मग लवकर करून देते," ती म्हणाली. आणि हे वाक्य आपण इतक्या जोरात का म्हटलं, ते तिला कळलं नाही.

तिनं जीप जॅकवर घेतली. चारही चाकं अधांतरी. इंजिन सुरू करून फोर-व्हीलचा छोटा लिव्हर ओढला. एका रबरी नळीला चीर गेली होती, ती बदलली. पुन्हा लिव्हर ओढला, तशी पुढची चाकं खट्कन जोडली गेली आणि गुमान फिरायला लागली. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. झालं काम.

आठवडा संपायच्या आत तो परत आला.

"पायथ्याशी लागतं हो. अर्ध्या चढावर सुटतं."

तिनं लिव्हरखालचा स्विच बदलला. जॅकवर चढवलं, बघितलं. सगळं छान. तो गेला आणि… परत आला. या वेळी कपाळापर्यंत चिखल.

"अर्ध्या चढावर सुटतं," तो म्हणाला, जरा अपराध्यासारखा, जणू त्यानंच काही केलं होतं.

गॅरेज मूळचं तिच्या बाबांचं. गुडघे गेल्यापासून ते दारातल्या खुर्चीत बसून तोंडानं गॅरेज चालवत. जीप तिसऱ्यांदा आत आली तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला.

"काय गं, ही गाडी आपल्याकडे माहेरपणाला येते का?"

"बाबा, गप्प बसा हं."

"मी कुठं काय म्हणतोय? ट्रकवाला तुला ताई म्हणतो, दूधवाला ताई म्हणतो, परवा तर साठीचा एक गृहस्थ ताई म्हणून गेला. हा डॉक्टर मात्र नुसतं 'अहो' म्हणतो. माझं आपलं लक्ष गेलं."

तिचंही गेलं होतं. पहिल्याच दिवशी. पण ते बाबांना कशाला सांगा!

त्या दिवसांत तिचं कशातच मन लागेना. आमटीत मीठ पडायचं राहिलं, रिक्षाचं चाक बसवलं आणि नट हातातच उरला. रस्त्यावर जीपसारखा आवाज आला की मान आपोआप वळायची, आणि ती जीप नसली की उगाच त्या बिचाऱ्या टेम्पोचा राग यायचा. पण खरी टोचणी निराळीच होती. बिघाड आपल्याला सापडत नाही… की आपण सापडू देत नाही? गाडी नादुरुस्त राहील तोवर तो इथं राहील. हे मनातल्या मनात माहीत असलेल्या माणसानं स्वतःच्या हातांवर भरवसा कसा ठेवायचा? आजवर तिनं कुणाचंही काम अर्धवट ठेवलं नव्हतं. आता पाना हातात घेतला की तिला स्वतःचाच संशय येई.

शुक्रवारी तो आला तो उभ्या-उभ्याच बोलला. "उद्या नवे डॉक्टर येतायत. ताबा घ्यायला."

तिनं हात पुसले. "चला. मी बरोबर येते."

"कुठं?"

"चढावर. मी आपली हिला जॅकवर चढवून तपासत बसले. दवाखान्यात झोपलेल्या माणसाला दम लागतो का, असं विचारल्यासारखं झालं ते. डोंगर चढताना बघायला हवं."

बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता, पण ते असो.

वाटेत बारीक भुरभुर होती, काचेवरचा वायपर मधेच अडखळत होता. तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. गिअर बदलताना त्याचा हात तिच्या गुडघ्याजवळ यायचा आणि जरा जास्तच जपून मागे जायचा.

"तुम्ही नेहमी इतकी हळू चालवता?" तिनं विचारलं.

"नाही. आज… आज लवकर पोचायचं नाहीये मला."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. शेळीनं बघितलं होतं तसंच.

पायथ्याशी त्यानं लिव्हर ओढला. खट्. हिरवा दिवा. जीप निम्म्यापर्यंत छान चढली. मग वाट एकदम उभी झाली, त्यानं पाय दाबला, आणि पुढची चाकं सुटली. मागची दोन चिखलात घुर्र-घुर्र फिरत राहिली आणि जीप एका अंगाला कलून बसली.

"बघा!" तो म्हणाला. जवळजवळ आनंदानंच.

तिनं उतरून मागच्या चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं आणि आत वाकली. "आता गिअर काढा आणि ॲक्सिलरेटर दाबा. जोरात. थांबू नका."

"लागलं बिगलं तुम्हाला तर?"

"डॉक्टर, मी शेळी नाही. दाबा!"

त्यानं दाबला. आणि तिला दिसलं.

या गाडीत पुढची चाकं जोडली जातात ती इंजिनाच्या ओढीवर. इंजिन हवा ओढतं, ती ओढ नळीतून पुढच्या आसापाशी पोचते आणि तिथला दांडा खेचून धरते. पण ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ओढ कमी पडते. तेवढ्या वेळापुरती आधीची ओढ धरून ठेवायला नळीत एक छोटीशी झडप असते. अंगठ्याएवढी. ही झडप धरतच नव्हती. गॅरेजात इंजिन निवांत चालायचं, तिथं ओढ कमी पडायचा प्रश्नच नव्हता. घाई झाली की सगळं निसटत होतं.

तिनं झडप काढून तळहातावर घेतली. एका बाजूनं फुंकली, हवा गेली. दुसऱ्या बाजूनं फुंकली, तिकडूनही गेली.

सापडलं! आनंद झाला, आणि त्याच क्षणी आठवलं, गाडी झाली की तो जाणार. तो पलीकडे सीटवर होता, उघड्या बॉनेटमुळे त्याला काही दिसत नव्हतं. झडप परत लावून टाकली असती तर कुणाला कळणार होतं? उद्या नवा डॉक्टर अर्ध्या चढावरून परत गेला असता…

ती त्याच्या दाराशी आली. "सापडलं," ती म्हणाली आणि झडप त्याच्यापुढे धरली. सगळं समजावून सांगितलं, नेहमीपेक्षा भराभर. "नवी झडप उद्या सकाळी बसवते. तोवर दांडा ओढून तारेनं बांधून टाकते, म्हणजे पुढची चाकं सुटणारच नाहीत. नव्या डॉक्टरांना काही त्रास व्हायचा नाही."

चिखलात पाठ टेकून तिनं तार आवळली. उठली तेव्हा तो पिशवी घेऊन शेजारीच उभा होता.

"म्हणजे झाली गाडी," तो म्हणाला.

"झाली." तिनं पाना पिशवीत टाकला. मग परत बाहेर काढला. "डॉक्टर… गाडी झाली. माझ्या कामात आता काही उरलेलं नाही. म्हणून आता बोलते, नाहीतर बोलले नसते. तुम्ही जाऊ नका."

भुरभुर पडतच होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणखी ओला केला आणि तसाच लावला.

"ही बदली मीच मागितली होती," तो म्हणाला. "संध्याकाळी बोलायला इथं शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. पण ते… बादलीभर पाणी मागायच्या आधीचं."

"मग आतापर्यंत गप्प का बसलात?"

"तुम्ही म्हणालात ना, लवकर करून देते. मला वाटलं, तुम्हाला मी गेलेलाच हवा आहे."

"अहो, मग गाडी घेऊन सारखे येत कशाला होतात?"

"पहिल्या वेळी गाडीसाठी."

तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले, तर गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. तो दाखवायला त्याचं बोट पुढे आलं आणि गालाजवळच थांबलं.

"साहेबांना आत्ताच सांगायला हवं," तो म्हणाला. "उद्या ताबा दिला की संपलं. पण इथं रेंज नाही. वरच्या वळणावर येते."

"मग चला की! आणि या वेळी हळू नको."

त्यानं पाय दाबला. जीप क्षणभर थरथरली, पुढच्या चाकांनी चिखल पकडला, आणि चारही चाकं मिळून तिला वर घेऊन गेली. उभा चढ, वळण, आणखी एक वळण. ती पुढच्या काचेला दोन्ही हात टेकून बसली होती, जणू तीही ढकलत होती.

वरच्या वळणावर फोन लागला. साहेबांचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"बदली रद्द? आता? अहो, काही कारण?"

"कारण… कारण शेजारी बसलंय, साहेब."

फोनमधून साहेब खाकरले. "बरं. आणि त्या कारणाचं म्हणणं काय आहे?"

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिनं ओढणीला हात पुसले, फोन घेतला, आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. कान लालबुंद, चष्म्यावर पाणी.

"साहेब," ती म्हणाली, "यांना इथंच राहू द्या."