चंदर मिस्त्रीचं खोटं

पहिल्याच भेटीत मला त्याचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकते.

१९३४ सालचा वैशाख. बंदराच्या चढावर आमची लॉरी आठवड्यात तिसऱ्यांदा अडली होती. 'आमची' म्हणजे शेटची. पण सात वर्षं ती माझे बाबा, धर्मा ड्रायव्हर, चालवत होते आणि रोज सकाळी तिच्यात पेट्रोल मी स्वतः गाळून घालत होते. उरणच्या खाडीकाठी आमचं मिठागर. तिथल्या मिठाच्या गोणी बंदरावर न्यायच्या, एवढंच तिचं काम. आणि शेट त्या दिवशी सकाळी चार माणसांत बाबांना म्हणाला होता, "मिस्त्री बोलावलाय. चूक गाडीची निघाली तर ठीक. तुझी निघाली तर खाली उतर, मुंबईहून दुसरा माणूस बसवतो."

सात वर्षांची चाकरी, आणि हे बोलणं! मी दात-ओठ खात मागून गाडी ढकलत होते. तेवढ्यात बांधावर एक तरणा माणूस थांबला. खांद्यावर पत्र्याची पेटी, अंगात धुतलेला सदरा. मान कलती करून तो इंजिनाची धापधाप ऐकत होता... आणि हसत होता!

"खोकला झालाय गाडीला," तो म्हणाला.

"तुमाला कुणी इचारलं? हसायचं आसंल तर पुढं जा. न्हायतर खांदा लावा."

त्यानं पेटी खाली ठेवली आणि मुकाट्यानं खांदा लावला. गाडी वर गेल्यावर हात झटकत म्हणाला, "मी चंदर. पेणचा मिस्त्री. शेटनं बोलावलंय मला."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी फणकारले. चूक माझी होती, पण मागे हटणं मला कधी जमलंच नाही.

दुपारी त्यानं बॉनेट उघडलं. कारबुरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल जिथं मिसळतं ती जागा, हे त्यानंच मला सांगितलं. त्याला एक पेच असतो. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. त्यानं हातात पेच फिरवायचा डिसमिस घेतला आणि मला म्हणाला, "तुझे कान चांगले हायेत म्हणतो तुझा बाप. डोळे मीट आन् ऐक."

"डोळे कशाला मिटायचे?"

"उघडे ठेवलेस की माझ्याकडं बघतेस."

"मी? तुमच्याकडं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी मी डोळे मिटलेच.

त्यानं पेच जरासा आत घेतला. इंजिन अडखळलं. "उपाशी वाटतंय," मी म्हणाले. त्यानं बाहेर काढला. "आता जड झालं... आता पुन्हा आत... अजून... थांबा! हितंच."

गाडी एका लयीत चालू लागली. मी डोळे उघडले, तर मिस्त्रीची नजर कारबुरेटरवर नव्हतीच.

"आता कोण बघतंय?" मी विचारलं. त्याचे कान लाल झाले, आणि मला — खरं सांगते — फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्रोल गाळून भरलं, आणि लॉरी त्याच चढावर पुन्हा अडली.

"कसले मिस्त्री तुमी?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "माझ्या बापाचं काम जाईल, त्याची काय फिकीर हाय तुमाला?"

कारबुरेटरखालची वाटी त्यानं काढली आणि पेट्रोल ओतून टाकलं. तळाला पांढरे कण होते. एक कण बोटावर घेऊन त्यानं जिभेला लावला.

"मीठ."

"मिठागरात मीठ निघालं, त्यात नवल कसलं?"

"पेट्रोलात मीठ इरघळत न्हाय, गोदू. बारीक भोकात जाऊन बसतं." माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पेट्रोल गाळतेस ते फडकं दाखव."

मी तोऱ्यातच दिलं. पांढरंशुभ्र, कडक वाळलेलं फडकं. त्यानं ते तळहातावर झटकलं, तर चिमूटभर पांढरी भुकटी सांडली.

"कुठं धुतेस?"

"हल्ली रोज खाडीत, आन् कुठं..." मी त्याच्या हातावरची भुकटी जिभेला लावली. खारं पाणी. रोज नेमानं, हातानं, मीच गाडीत मीठ घालत होते! बाबांचं काम माझ्यामुळे जाणार होतं.

नेमका तेव्हाच शेट छत्री घेऊन चढावर आला. "काय मिस्त्री, कुणाची चूक?"

चंदरनं फडकं खिशात कोंबलं. "माझी, शेट. पेच मीच चुकीचा लावला काल."

"आणि त्याआधीचं?"

"तवा वाटीत कचरा होता. नशिबाची गोष्ट."

"मग तुझ्यासारखा मिस्त्री मला नको. चालता हो."

तो खाली वाकून पेटी आवरू लागला. बाबांच्या जीवात जीव आला होता. मी गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. पण एक धड माणूस माझ्यापायी शिव्या खाऊन निघाला होता, आणि मी बघत राहायचं? छे!

"ते खोटं बोलतात!" मी म्हणाले. "चूक माझी. फडकं मी खाडीत धुते. इचारा का!"

"का?" शेटनं विचारलं.

"कारण ह्या महिन्यापासनं गोड्या पाण्याच्या इहिरीवर तुमचा माणूस बसतो. घरटी दोन हंडे. चार माणसांनी ते प्यायचं, शिजवायचं का तुमच्या गाडीची फडकी धुवायची? माझ्या बाबाला उतरवायचा तर उतरवा, पण मग दुसऱ्या ड्रायव्हरच्या घरीबी दोनच हंडे जातील. त्याच्याबी गाडीत मीठच जाईल!"

मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. शेजारच्या मनुबाईनं डोक्यावरची टोपली सरळ खाली ठेवली. "पोर खोटं बोलत न्हाय, शेट," ती म्हणाली. एकेक करत सगळ्यांनी टोपल्या ठेवल्या.

शेटनं टोपल्यांकडे पाहिलं, मग मागे मिठाच्या उघड्या राशींकडे. पाऊस वीस दिवसांवर होता, आणि मीठ उचलायला हेच हात होते. "एक पिंप," तो शेवटी पुटपुटला. "रोज परतताना गोड्या पाण्याचं एक पिंप लॉरीतनं आणा. धर्मा, बस गाडीत. आणि तू, मिस्त्री... गाडी चालू करून दे."

संध्याकाळी चंदर पुन्हा पेच लावत होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले, कंबरेवर हात ठेवून.

"माझ्यासाठी खोटं बोलायला मी सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग कशापायी? मला काय तोंड न्हाय?"

"हाय की," तो हसला. "आख्ख्या बंदरानं ऐकलं." मग हसणं थांबलं. त्यानं डिसमिस खाली ठेवला आणि तो फडक्याला हात पुसत राहिला. "तुझ्या बापाचं काम गेलं असतं, तर तुमी ही जागा सोडली असती. मग मी तुला कुठं शोधलं असतं?"

मी त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि उगाचच त्याची घडी घालू लागले.

"पेणला आई हाय माझी," तो पायांकडे बघत म्हणाला. "पावसाळा सरला की तिला घेऊन येतो. तुझ्या बाबांशी बोलायला... चालंल?"

"माझी चूक पुन्हा कधी सोताच्या अंगावर घ्यायची न्हाय."

"न्हाय घेणार."

"आन् पावसाळा सरल्यावर?" माझा आवाज चढला. "चार महिने? तवर मी काय करायचं?"

बोलून गेले, आणि मग काय बोलले ते कळलं. तोंड लपवायला जागा नव्हती.

"परवा आणतो," चंदर म्हणाला.